जाड पानांची वाट

अप्पांचे, माझ्या वडिलांचे, डोळे काचबिंदूनं गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मागच्या अंगणातल्या तगरीपर्यंत रोज सकाळी आपलं आपण जायचं, देवासाठी फुलं खुडायची आणि परत यायचं. हात कुणी धरायचा नाही. घरात मी त्यांना धरायची, रस्त्यात शेजारी धरायचे, डॉक्टरकडे गेलो की ऑटोवालासुद्धा खाली उतरून धरायचा. त्या तीसेक पावलांत मात्र त्यांना कुणी नको होतं. ऐंशीच्या घरातल्या माणसानं एवढंच मागितलं, आणि मी मोठ्या थाटात म्हटलं, मी करते व्यवस्था.

हा थाट माझ्या रक्तात आहे. नवरा गेल्यापासून मी अप्पांकडेच राहते, तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, आणि एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. ऑफिसात कुणाची फाईल सापडेना की माझ्याकडे येतात. घरातही तसंच. नळ, मोटर, गॅस, बाग, सगळ्यातलं मला कळतं असा माझा समज होता. अजूनही थोडा आहे, पण आता तो मी फार मिरवत नाही.

आमचं मागचं अंगण, कोल्लै म्हणतो आम्ही, लांब आणि अरुंद आहे. एका टोकाला स्वयंपाकघराचं दार, दुसऱ्या टोकाला तगर. दक्षिणेच्या बाजूला यात्रेकरूंसाठी तीन मजली लॉज उभं राहिलं आणि आमचं ऊन गेलं. आधी झेंडू गेला, मग मोगरा, मग तुळस पिवळी पडली म्हणून ती मी गच्चीत नेली. तगर तेवढी टिकली, तिला सावली चालते. खाली उरली ती काळी, शेवाळलेली, बुळबुळीत जमीन. त्यावरून आंधळ्या माणसानं अनवाणी चालायचं म्हणजे कंबर मोडून घेणंच होतं. फरशी घालावी म्हटलं तर ओली फरशी मातीपेक्षा वाईट.

ओरत्तनाडच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत मी गेले आणि माझं गाऱ्हाणं सांगितलं. नर्सरीवाल्यानं एक ट्रे पुढे केला. बोटाच्या पेरापेक्षा बारीक, फुगीर, पाणी भरलेली पानं, जमिनीला चिकटून पसरलेली. सेडम म्हणाला. उन्हातलं झाड आहे, पण सावलीतही जगतं, जरा फिकं आणि लांबुळकं होतं एवढंच. तुकडा तोडून मातीत खुपसला की मूळ धरतं. पायाखाली तुडवलं तर तुटलेल्या तुकड्याचं नवीन झाड होतं. "महिनाभर विसरलात तरी मरणार नाही," तो तमिळमध्ये म्हणाला, "मरेल ते पाण्यानं. पाणी कमी घाला."

मी मान डोलावली. हे मला माहीतच होतं, अशा आविर्भावात डोलावली.

आता त्या दगडाबद्दल सांगायला हवं. अंगणाच्या साधारण मध्यावर एक सपाट दगड जमिनीत अर्धा पुरलेला होता. त्यावर काही अक्षरं होती. आमची अक्षरं, म्हणजे मराठी लिहितात ती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. वाचता कुणालाच येत नव्हतं. आम्ही घरात आमची तंजावुरी मराठी बोलतो, भांडतो, देवाला नवस बोलतो, पण शिकलो सगळे तमिळ शाळेत. अप्पांचीही तीच गत. तो दगड अप्पांच्या वडिलांनी बसवलेला, आणि ते अप्पा चार वर्षांचे असताना गेले. ह्या आजोबांना घरात अण्णा म्हणत. तेव्हा दगडावर काय आहे हे सांगणारं मागे कुणी राहिलं नाही. पूर्वजांचं अक्षर, म्हणजे देवाचंच काहीतरी असणार, म्हणून माझी आई दर शुक्रवारी त्यावर तेल घाली, हळदकुंकू लावी. आईनंतर मी लावू लागले. वर्षानुवर्षांच्या तेलाहळदीनं अक्षरं बुजून दगड गुळगुळीत झाला होता.

आणि एक चाल होती. तगरीकडे जाताना दगडापासून सरळ पुढे जायचं नाही. दगड उजव्या हाताला ठेवून भिंतीच्या कडेनं मोठा वळसा घ्यायचा. दगडापलीकडच्या मोकळ्या जागेत काही लावायचं नाही, काही ठेवायचं नाही. का, हे मी लहानपणी विचारलं तेव्हा आईनं सांगितलं, "असंच जायचं असतं." आमच्या घरात ह्या उत्तरापुढे प्रश्न संपतो.

अप्पांसाठी वाट आखायला बसले तेव्हा तो वळसा माझ्या डोळ्यांत खुपला. ज्याला दिसत नाही त्याला वळण कठीण. सरळ रेघ सोपी. मी दारापासून तगरीपर्यंत विटांची एक सरळ ओळ घातली, बरोबर त्या मोकळ्या जागेच्या मधून. विटांच्या दोन्ही बाजूंना सेडमचे तुकडे दोन दोन बोटांवर खुपसले. हिशेब असा, की पायाला खरखरीत वीट लागली तर वाट बरोबर आहे, गार फुगीर पान लागलं तर बाजूला गेलो, परत या. त्या मोकळ्या जागेत तर विटेच्या दोन्ही अंगांना मी सगळीभर सेडम लावलं. एवढी जागा उगीच उघडी कशाला ठेवायची?

अप्पा दारात बसून ऐकत होते. "तेथनं वळून जायचं अहे गं," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्ही वळताना भिंतीवर आपटाल. दगडाला काय कळतं, कोण कुठून गेलं ते?"

ते गप्प बसले. डोळे गेल्यापासून माझ्याशी वाद घालणं त्यांनी सोडलं होतं. आज मला त्या गप्प बसण्याचा राग येतो. थोडं भांडले असते तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं तर भांडले असते तरी मी ऐकलं नसतं.

सेडम लागलं. नर्सरीवाल्यानं पाणी कमी सांगितलं होतं, पण मला दम निघेना. मुळं धरेपर्यंत तरी हवं, म्हणून मी रोज संध्याकाळी नळी लावायची, त्या मधल्या जागेत जास्तच, कारण तिथली माती पाणी लगेच पिऊन टाकी. इतर ठिकाणी थोडं साचायचं, काही रोपं कुजलीही. मधे मात्र कितीही सोडा, जमीन कोरडी. मला वाटलं, छान निचरा आहे. निचरा चांगला असला तर असली झाडं खुलतात, हे मी वाचलं होतं.

ती खुलली. दोन-तीन महिन्यांत विटांच्या कडा दिसेनाशा झाल्या. सावलीत लांबलेले शेंडे मी चिमटीनं खुडायचे आणि तेच मोकळ्या मातीत खुपसायचे, तेही लागायचे. सकाळी लॉजच्या काचांवरून परतलेलं जरासं ऊन त्यावर पडलं की हिरवा रंग उजळायचा. अप्पा एका हातात काठी, दुसऱ्या हातात वेताची परडी घेऊन त्यातून चालत जायचे. पाठ ताठ. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि भांडी वाजवून कामात असल्याचं भासवायची. परत आले की परडी पुढे करून म्हणायचे, "बघ, कळी एक नाही, सगळी उमललेली." आणि खरंच नसायची. त्या दिवसांत मला फार सुख लाभलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं आठवताना ते हरवून जातं.

मे महिन्यात कत्तिरीचं, वर्षातलं सगळ्यात कडक, ऊन आलं. सावलीतसुद्धा हवा भाजायची. मी ठरवून पाणी बंद केलं, झाड किती चिवट आहे ते बघू म्हणून. दाराजवळची पानं सुरकुतली, तगरीजवळची सुरकुतली. मधली मात्र टरारून फुगलेली, गडद हिरवी, जवळजवळ काळसर. दगडापासून पुढे एक गोल, अगदी ताटासारखा, आणि त्याच्या बाहेर सगळं मलूल. मी गच्चीवरून त्याचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. ऑफिसातल्या बायकांनी विचारलं, खत काय घालतेस? मी म्हटलं, काही नाही, हात लागावा लागतो.

तो गोल इतका नेमका का आहे, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असेल तर मी त्याच्याकडे कानाडोळा केला.

मग अप्पा म्हणू लागले, "मधें काठीचा आवाज वेगळा येतो." मी म्हटलं, विटा सैल झाल्या असतील. एकदा म्हणाले, "तेथें पाय गार लागतो गं. पानांचा गारवा नाही, खालचा." मी म्हटलं, पाणी धरणारं झाड आहे, गार लागणारच. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं.

दिवाळीच्या आगेमागे ऐप्पसी महिन्याचा पाऊस सुरू झाला. रात्रभर कोसळला की सकाळी आमचं अंगण भरून जातं, हे दरवर्षीचं. त्या वर्षीही घोट्याएवढं पाणी. पण मधे नाही. पाणी चारी बाजूंनी हळूहळू त्या गोलाकडे सरकायचं आणि पानांखाली नाहीसं व्हायचं, कसलाही आवाज न करता. मी छत्री घेऊन बराच वेळ बघत उभी राहिले. पाऊस थांबल्यावर पाहिलं तर मधली जमीन बशीसारखी किंचित बसली होती, विटांची ओळ तिथे पोटात वाकली होती. आंधळा माणूस अडखळेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी वाळूच्या दोन पाट्या आणून तो खळगा भरला, विटा पुन्हा समपातळीत बसवल्या आणि वर सेडमचे तुकडे खुपसले. पंधरा दिवसांत ते पुन्हा तसंच हिरवंगार झालं.

आता वाटतं, त्या जमिनीनं मला किती वेळा सांगितलं.

पोंगलला माझी मुलगी चेन्नईहून आली. ती तिथे नोकरी करते. शाळेत असताना तिला मी हिंदीच्या खाजगी परीक्षांना बसवलं होतं, इथे पुष्कळ आया बसवतात, तेवढ्यापुरती अक्षरओळख तिला होती. पोंगलनंतरचा शुक्रवार होता. सकाळचे सात वाजले असतील. मी तिला म्हटलं, सण झाला, दगडावर तेलाचं कीट चढलंय, शिकेकाई आणि काथ्या घेऊन जरा घास. ती दाराच्या बाजूनं दगडाशी उकिडवी बसली. अप्पा नेहमीसारखे तगरीकडे गेले होते. मी दारात तांदूळ निवडत होते.

बराच वेळ काथ्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "अम्मा, ह्यावर तीन ओळी अहेत. मला वाटलं संस्कृत असंल. नाही गं, अपलंच अहे."

"काय अहे?"

अप्पा परडी भरून परत निघाले होते. काठी टेकत, विटा चाचपत, पाठ ताठ.

ती बोट ठेवून पहिलीतल्या मुलासारखी वाचू लागली. "खा, लीं. खालीं. वि, ही, र."

मी सूप खाली ठेवलं.

"खालीं विहीर आहे. मधें पाय देऊं नये." मग तिसऱ्या ओळीवर अडखळून, "वळसा घेऊन जाणें."

अप्पा थांबले. ते बरोबर गोलाच्या मध्यावर होते. त्यांनी ऐकलं होतं. "पुन्हां वाच," ते म्हणाले, अगदी हळू. तिनं पुन्हा वाचलं, आणि ह्या खेपेला वाचता वाचता तिलाच अर्थ लागला, कारण शेवटच्या शब्दाला तिचा आवाज चिरकला.

मी उठून धावले आणि दगडाशी आले, तेवढ्यात अप्पांनी काठी आडवी धरली. "तूं येऊं नकोस. दोघांचं वजन होईल." एवढ्या करड्या आवाजात ते माझ्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. मग आम्ही तिघंही हललो नाही. आणि त्या शांततेत त्यांच्या पायांखालून काहीतरी सुटलं. ढेकूळ असेल, विटेचा तुकडा असेल. आम्ही वाट बघितली. फार वेळ गेला असं वाटलं. मग खाली, खोल, पाण्याचा आवाज आला.

मुलगी शहाणी. तिनं ओरडून सांगितलं, "अज्जा, अडवें पडा. पोटावर." आणि कपडे वाळत घालायची बांबूची काठी उपसून तिचं टोक त्यांच्याकडे सरकवू लागली.

माझे वडील, धुतलेली पांढरी वेष्टी नेसलेले, आधी गुडघ्यांवर बसले, परडी बाजूला नीट ठेवली, मग त्या ओल्या पानांवर पालथे झाले. हातांनी चाचपत, वीतभर वीतभर सरपटत ते आमच्याकडे आले. पानं त्यांच्या छातीखाली चुरडत होती, त्याचा बारीक करकर आवाज मला अजून ऐकू येतो. अर्ध्या वाटेत त्यांच्या हाताला बांबू लागला. आम्ही दोघींनी ओढलं. दगडाच्या अलीकडे आले तेव्हा त्यांच्या गालाला, कपाळाला हिरवा रस लागला होता. मी त्यांना धरून रडले. ते रडले नाहीत. म्हणाले, "परडी राहिली."

दुसऱ्या दिवशी आलेल्या गवंड्यानं कडेनं पहार घालून वरचा थर उचलला. खाली विहीर होती, रुंद, दगडी बांधणीची, काळं पाणी बरंच खाली. तोंडावर ताडाचे वासे आडवे टाकून त्यावर माती ओढलेली. ताड कोरडा राहिला तर दोन पिढ्या टिकतो, गवंडी म्हणाला. हे वासे हातात घेतले की काथ्यासारखे सुटत होते. निम्मे तर नव्हतेच. तिथे वाळूला आणि विटांना धरून ठेवलं होतं ते माझ्या सेडमच्या मुळांच्या जाळीनं, आणि तिनं किती दिवस धरलं असतं ते देवच जाणे.

"वरून पाणी घालत होतात का?" त्यानं विचारलं. "हे अलीकडे कुजलेलं दिसतंय."

"पाऊस," मी म्हटलं. "यंदा पाऊस फार."

हे खोटं मी अप्पांसमोर बोलले. रोज संध्याकाळी नळीचा आवाज त्यांनी ऐकलेला होता.

विहिरीला आता कठडा आहे, वर लोखंडी जाळी आहे. वाट पुन्हा भिंतीच्या कडेनं वळसा घेऊन जाते. विहीर का झाकली, पाणी बिघडलं की कुणी पडलं, हे सांगणारं कुणी नाही. अण्णांनी एवढ्या कष्टानं दगड कोरून घेतला, कारण आपण गेल्यावर घरातलं कुणीतरी वाचेल याची त्यांना खात्री होती. न वाचणारी माणसं आपल्याच घरात निपजतील हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नसणार. आम्ही त्यांच्या सूचनेवर तेल ओतत राहिलो. मी त्याच महिन्यात मुलीकडून अक्षरं शिकायला सुरुवात केली, पन्नाशी उलटल्यावर, आणि हे सगळं त्याच अक्षरांत लिहिते आहे. फार उशिरा आलेलं शहाणपण आहे हे.

गवंडी गेल्यावर अप्पांनी मला त्या दगडाशी न्यायला सांगितलं. हात धरून न्यायला सांगितलं. खाली बसून त्यांनी बोटं अक्षरांवर ठेवली आणि मला म्हणाले, कोणतं कोणतं ते सांग. मुलीनं सांगितलं तसं मी सांगत गेले. ते प्रत्येक खाचेतून बोट फिरवत होते. 'पाय देऊं नये' पाशी ते थांबले.

"अण्णांचा आवाज मला आठवत नाही," ते म्हणाले. "त्यांनी मला सांगितलेलं एवढंच असंल. जन्मभर ह्याच्या बाजूनं गेलों मी."

तगरीची फुलं आता मी आणते. वळशाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मी दोरी बांधली, दर पावलाला पक्की, खरखरीत फरशी घातली, स्वतः नाचून दाखवलं. अप्पा दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. घरातसुद्धा, ज्या घरात ते जन्मले, तिथे आता ते पाऊल टाकण्याआधी अंगठ्यानं जमीन दाबून बघतात आणि माझा हात घट्ट धरतात. डोळे गेले तेव्हा घाबरले नव्हते, तेवढे आता घाबरतात. हे मी केलं. कुणी म्हणो न म्हणो, मला माहीत आहे.

उंबऱ्यापाशी आले की विचारतात, "खालीं काय अहे?"

"फरशी अहे, अप्पा."

दिवसातून दहा वेळा विचारतात, दहा वेळा मी सांगते, न चिडता. काल देवघराच्या दारात त्यांनी पुढचं विचारलं. "आणि तिच्या खालीं?"

त्यांचा हात न सोडता मी खाली वाकले आणि फरशीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकला.